शेवट माहीत असलेली गोष्ट

हरि नारायण आपट्यांनी १८९० साली पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं तेव्हा त्यांचं वय सव्वीस होतं. कॉलेज पदवीवाचूनच सुटलं होतं. चुलते महादेव चिमणाजी आपटे हे मुंबई हायकोर्टातले नामांकित वकील. जुन्या संस्कृत पोथ्या जपाव्यात, छापाव्यात म्हणून त्यांनी आनंदाश्रम ही संस्था उभी केली होती आणि तिचा कारभार हरिभाऊंकडे आला होता. एका हाताने हस्तलिखितांची आणि छपाईची व्यवस्था बघायची आणि दुसऱ्या हाताने आठवडा संपायच्या आत कादंबरीचा पुढचा मजकूर पुरा करायचा, असं त्यांचं चाललेलं. तेही एकाच कादंबरीचा नव्हे. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ आणि ‘म्हैसूरचा वाघ’ या दोन्ही त्याच सुमाराच्या. पहिलीत पुण्यातल्या पांढरपेशा घरातली यमू, दुसरीत टिपू सुलतान. एकाच माणसाने त्याच त्या दिवसांत ही दोन जगं डोक्यात वागवली, हे मला आजही विलक्षण वाटतं.

विलक्षण वाटतं, कारण मीही हप्त्यानेच लिहिते. मराठी मालिका. सुरुवात संवादांपासून झाली, मग पटकथा आली, आता वनलाइनही माझ्याकडे असते. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधली बावीसेक मिनिटं आमच्या वाट्याला येतात, बाकीची जाहिरातींची. जितके ब्रेक तितके हाय पॉइंट लागतात, आणि शेवटचा तर असा लागतो की चेहरा फ्रीज झाल्यावर बघणाऱ्या बाईच्या मनाला उद्या संध्याकाळपर्यंत चुटपुट लागून राहावी. तयार एपिसोडांची बँक आटली की आज लिहायचं, उद्या शूट, परवा टेलिकास्ट. सीन पुरा होण्याआधी सेटवरून फोन येतो, आर्टिस्ट मेकअप करून बसलेत म्हणून. स्टोरी मीटिंगमध्ये रोज एकच मागणी असते : धक्का हवा. पुढे काय होणार ते प्रेक्षकाला कळता कामा नये.

ही मागणी आजची नाही. तिचा उगम शोधत मी मागे मागे गेले आणि आपट्यांपाशी थांबले. या धंद्यातला मराठीतला पहिला मोठा कारागीर मी त्यांना मानते. आणि त्यांच्या सगळ्यात चांगल्या कादंबरीत धक्का नाही.

आपट्यांच्या आधी मराठीत गोष्ट कशी सांगितली जात होती, ते थोडं बघायला हवं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या आणि ते काम विष्णुशास्त्र्यांनी पुढे नेलं. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची. तिच्यात ताटातूट आहे, संकटांमागून संकटं आहेत, योगायोग आहेत आणि शेवटी सगळ्यांची गाठ आहे. रिसबुडांची ‘मंजुघोषा’ त्याच वळणाची. या गोष्टी लोकांनी आवडीने वाचल्या. पण त्यांतली माणसं कुठल्या गल्लीत राहतात, काय खातात, घरात कुणाला घाबरतात, हे कुणी विचारत नव्हतं. १८६७ साली ‘विविधज्ञानविस्तार’ निघालं आणि त्यात रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ क्रमशः आली. ती १८७१मध्ये पुस्तकरूपाने निघाली. तिच्याबरोबर गोष्टीला निदान ओळखीचा डोंगर आणि ओळखीचा काळ मिळाला.

या सगळ्यांच्या आधीची, १८५७ची, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ मात्र वेगळी आहे. तिच्याकडे मी परत परत जाते, कारण तिच्या नायिकेचं नावही यमुनाच आणि विषयही तोच : हिंदू विधवेचे हाल. पदमनजी बेळगावचे, १८५४ साली ख्रिस्ती झालेले. आपल्या आधीच्या समाजातल्या बायकांचं दुःख त्यांच्या मनाला खरोखर लागलेलं होतं. त्यांची यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते. गावोगावी त्यांना विधवा भेटतात, प्रत्येकीची कहाणी ती दोघं ऐकतात. पुढे यमुनेचा नवराही जातो. ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते.

लिहिणाऱ्याने ही कादंबरी वाचावीच. पदमनजींनी जे बघितलं होतं ते त्या काळात दुसऱ्या कुणी छापायला धजावलं नव्हतं. प्रत्येक गावात एक जखम आहे. पण आपण यमुनेबरोबर त्या घराच्या ओसरीवर बसतो, ऐकतो, हळहळतो आणि पुढच्या गावाला निघतो. कुठल्याच घरात आपला मुक्काम पडत नाही. पाचव्या विधवेची कहाणी ऐकताना पहिलीचं नाव आठवत नाही. माझ्याकडे नवीन मुलं लिहायला येतात तेव्हा त्यांच्या पहिल्या मसुद्यात हेच दिसतं. विषयाबद्दल कळकळ असते, म्हणून ते पुरावे जमवत जातात. एका बाईवर पाच अन्याय, किंवा पाच बायकांवर एकेक.

तेहतीस वर्षांनी आपट्यांनी यमुना हेच नाव घेतलं. त्यांच्या मनात पदमनजींची यमुना होती की नाही, हा माझा विषय नाही. या दोन यमुना शेजारी ठेवल्या की गोष्ट सांगण्याच्या कलेत मधल्या तेहतीस वर्षांत काय घडलं ते दिसतं, म्हणून मी ती दोन पुस्तकं टेबलावर एकत्र ठेवते.

मध्ये इंग्रजी कादंबरी आली होती. आपटे न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकरांच्या हाताखाली शिकले. १८८२ साली विष्णुशास्त्री गेले तेव्हा या विद्यार्थ्याने ‘शिष्यजनविलाप’ लिहिला. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं, त्यावर याच पोराने लांबलचक टीका लिहिली. गुरूच्या पुस्तकावर! वाचन अफाट. स्कॉट, डिकन्स आणि रेनॉल्ड्स. या तिसऱ्याचं नाव आज इंग्लंडातही फारसं कुणी घेत नाही, पण त्या काळी आपल्याकडच्या इंग्रजी शिकलेल्या मुलांमध्ये जॉर्ज रेनॉल्ड्सइतका खपणारा लेखक क्वचितच असेल. त्याची ‘मिस्टरीज ऑफ लंडन’ १८४४पासून दर आठवड्याला एका पेनीला मिळायची. आठ पानं, दोन रकाने, वर एक लाकडी ठशाचं चित्र. खून, दारूचे अड्डे, लपवलेली वारसापत्रं, सरदारांची पापं. त्या पेनी अंकांत कधी कधी पान वाक्याच्या मध्येच संपायचं आणि उरलेलं वाक्य पुढच्या आठवड्यात. आमच्या फ्रीजचा हा पणजोबा.

आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’, १८८५ची, याच रेनॉल्ड्सच्या सांगाड्यावर उभी आहे. ‘पुणे वैभव’ पत्रातून ती येऊ लागली. लंडनच्या जागी पुणं आलं. नव्याने शिकलेली, जुनं सुटलेली आणि नवं न धरता आलेली माणसं आली, दारू आली, ढोंग आलं. एकवीस वर्षांच्या मुलाने दुसऱ्याचा साचा घेऊन आपल्या गावचं माप काढून बघितलं. साचा सैल पडतो, बऱ्याच ठिकाणी भपकेबाजही वाटतो. पण पुणेरी माणसं बोलायला लागली की कान टवकारतात.

आणि मग पाच वर्षांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’ सुरू होते, आणि तो साचा जवळजवळ नाहीसा होतो.

ही कादंबरी यमू स्वतः सांगते. लहानपण, आई, दादा, करडे वडील, मैत्रीण दुर्गी. आईचं जाणं, सावत्र आईचं येणं. लग्न, सासरचं मोठं घर, तिथले शंकरमामंजी. मग नवऱ्याबरोबर मुंबई. नवरा रघुनाथराव तिला वाचायला उत्तेजन देतो, माणसासारखं वागवतो. मग त्याचा मृत्यू. मग केशवपन. घटना एवढ्याच. माझ्या स्टोरी मीटिंगमध्ये ही वनलाइन ठेवली तर पहिला प्रश्न येईल : यात ट्विस्ट कुठे आहे?

तो नाही. यमू हे सगळं मागे वळून सांगते आहे. सोसून झालेल्या बाईचा आवाज पहिल्यापासून कानावर येतो. नावातच तक्रार आहे. यमूच्या आयुष्यात काहीतरी भयंकर घडणार हे वाचणाऱ्याला लवकरच उमगतं, आणि त्या काळच्या पुण्यातल्या वाचणाऱ्याला ते काय असणार याचाही अंदाज येत असणार. १८८८पासून आगरकरांचा ‘सुधारक’ निघत होता. पंडिता रमाबाईंचं शारदासदन १८९० साली मुंबईहून पुण्याला आलं. त्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा ठराव केला. १८९१मध्ये संमती वयाच्या कायद्यावरून पुणं पेटलं. ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्व्यांनी शारदासदनातल्या गोदूबाईंशी, एका विधवेशी, पुण्यातच लग्न केलं. कादंबरी साधारण याच तीन वर्षांत, १८९० ते १८९३, हप्त्याहप्त्याने येत होती. विधवेच्या हालांची बातमी सगळ्यांना ठाऊक होती. वादही तोंडपाठ होते. आपट्यांनी वाचकाला नवी माहिती काही दिली नाही. त्यांनी त्याला यमूच्या घरात तीन वर्षं राहायला लावलं.

ही तीन वर्षं डोळ्यांपुढे आणून बघा. आज आपण ही कादंबरी चार-पाच दिवसांत वाचतो. तेव्हा पहिला अंक वाचणारी दहा-अकरा वर्षांची मुलगी शेवटच्या अंकापर्यंत स्वतः लग्न होऊन सासरी गेलेली असेल. घरात वाचता येणारं माणूस एखादंच, ऐकणारी चार. यमूचं लहानपण ऐकलं ते माहेरच्या माजघरात, आणि यमूचा सासुरवास ऐकला तो स्वतःच्या सासरी. असं काही घरांत झालंच असणार. पुस्तकात काळ निघून गेल्याचं सांगावं लागतं, हप्त्यात तो खरोखर गेलेला असतो. डेली सोपच्या लेखकाला हे हत्यार आयतंच मिळालेलं असतं आणि आम्ही ते वापरत नाही. सहा महिन्यांची लीप एका स्लाइडवर दाखवून मोकळे होतो.

मुंबईच्या प्रकरणांकडे बघा. यमू आणि रघुनाथराव मुंबईला येतात तिथपासून कितीतरी पानं कथेच्या अर्थाने काही घडत नाही. बिऱ्हाड, शेजारपाजार, नवऱ्याशी मोकळं बोलणं, वाचन, चार सुशिक्षित मंडळींची ऊठबस. पुण्याच्या वाड्यात श्वास कोंडलेली पोर इथे हसायला शिकते. आमच्याकडे असा ट्रॅक दोन एपिसोडांत गुंडाळतात, कारण सुखाला रेटिंग नसतं अशी समजूत आहे. आपट्यांनी त्याला आठवडेच्या आठवडे दिले. वाचणाऱ्याने यमूबरोबर खरोखरचे महिने सुखात काढले. नंतर रघुनाथराव जातो तेव्हा जे तुटतं ते वाचणाऱ्याच्याही सवयीचं झालेलं असतं. मी एका कोऱ्या वहीत या कादंबरीची वनलाइन काढली होती, प्रकरणागणिक एक ओळ, जशी आम्ही चॅनेलला देतो तशी. मुंबईचा भाग आला आणि ओळी सुचेनात. ‘यमू वाचते.’ ‘यमू आणि ते बोलत बसतात.’ कागदावर हे भाग रिकामे दिसत होते, आणि पुढे रडू फुटलं ते त्यांच्यामुळेच, हे मला त्या वहीने दाखवलं.

दुसरी गोष्ट शंकरमामंजींची. यमूच्या डोक्यावर वस्तरा फिरतो तो या माणसामुळे. तो ऐनवेळी उगवलेला खलनायक नाही. सासरच्या घरात तो पहिल्यापासून आहे. त्याचा दांभिकपणा, धर्माच्या नावाखालची मगरुरी, घरातल्या दुबळ्यांवर त्याची नजर, हे सगळं आपण जेवणाच्या पंगतीत, ओसरीवर, येताजाता बघत आलेलो असतो. रघुनाथरावाच्या असण्याने तो आवरलेला आहे, एवढंच. ते असणं संपलं की हा काय करील ते निराळं सांगावं लागत नाही. केशवपनाचा प्रसंग अंगावर येतो तो अचानक आल्यामुळे नव्हे. तो येणार, येणार, असं प्रत्येक पान सांगत असतं आणि तरीही तो येऊ नये असं आपल्याला वाटत राहतं.

हे त्यांनी कुठून उचललं? डिकन्सचा हात यात मला स्पष्ट दिसतो. डिकन्सही आधी हप्तेवालाच. मासिक हप्ता बत्तीस पानांचा. पुढे त्यानेही स्वतःची साप्ताहिकं काढली, १८५०मध्ये ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ आणि १८५९मध्ये ‘ऑल द इयर राउंड’. या दुसऱ्यात १८६०च्या सुमाराला चार्ल्स लीव्हरची कादंबरी चालू होती. ती लोकांना आवडेना, खप उतरला. तेव्हा डिकन्सने आपली ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ त्या वर्षीच्या डिसेंबरात साप्ताहिक हप्त्यांनी सुरू केली. खप सावरला. टीआरपी पडला म्हणून घाईने उभी केलेली मालिका, आणि ती इंग्रजीतल्या उत्तम कादंबऱ्यांपैकी एक ठरली. घाईत लिहिलेलं भिकारच असतं असं मला कुणी म्हणालं की मी हे उदाहरण देते.

डिकन्सचे हप्त्यांचे आराखडे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जपलेले आहेत. त्यांच्या छापील प्रतिकृती मी पाहिल्या आहेत. मोठा कागद मधोमध दुमडलेला. उजवीकडे त्या हप्त्यातल्या प्रकरणांची नावं आणि प्रसंग. डावीकडे स्वतःशीच केलेली विचारणा : अमुक पात्र या हप्त्यात आणायचं का? आणि खाली कधी ‘हो’, कधी ‘नको’, कधी ‘आत्ता नको’ अशा अर्थाचं उत्तर. तो ‘आत्ता नको’ बघून मला भरून आलं. आमच्या व्हाइटबोर्डवर ‘कधी आणायचं’ याच्या तारखा असतात. एखादं पात्र मुद्दाम मागे धरून ठेवायचं, पण त्याचा वास येत राहील इतकं जवळ धरायचं, हा निर्णय तो माणूस महिन्यागणिक हाताने लिहून घेत होता. शंकरमामंजींना आपट्यांनी असंच धरून ठेवलं आहे. आणि मोठ्या माणसाने आपलं पोरपण स्वतः सांगायचं, पोराला न कळलेलं मोठेपणी कळतंय असं दुहेरी बोलायचं, ही ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ची रीत यमूच्या बोलण्यात आहे.

पण डिकन्सने सगळं झालं असं मला वाटत नाही. शेवट माहीत असलेल्या गोष्टीत माणसं खिळवून ठेवायची कला आपल्याकडे फार जुनी आहे. आमच्या साताऱ्याकडच्या गावी श्रावणात शंकराच्या देवळात कीर्तन असायचं. पूर्वरंगात बायका वाती वळत, पोरांना गप्प करत बसलेल्या असायच्या. उत्तररंगात बुवांनी श्रियाळ-चांगुणेचं आख्यान लावलं की वाती बाजूला पडायच्या. अतिथी आला आहे, त्याने चिलया बाळाचं मांस मागितलं आहे, चांगुणेने ते उखळात कांडायचं आहे आणि डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही. मुलगा परत मिळणार हे देवळातल्या प्रत्येक बाईला पाठ. ‘शिवलीलामृता’चं पारायण त्या दरवर्षी करतात. तरी बुवा चांगुणेला उखळापाशी आणून उभी करायचे आणि तिथेच थांबायचे. झांजा बंद. मग ते चिलया सकाळी शाळेला कसा गेला ते सांगायला लागायचे. पाटी, दप्तर, आईने विंचरलेले केस. ते पोथीत असो नसो. माझी आजी त्याआधीच पदर हातात घेऊन बसलेली असायची. रडू कुठे येणार तेही तिला ठाऊक होतं.

आपटे अशाच श्रोत्यांमध्ये वाढले. कीर्तनात, पुराणात, पोवाड्यात शेवट लपवून काय मिळतं? काही नाही. तानाजी सिंहगडावर पडला हे मराठी पोराला बोलता येऊ लागल्यापासून माहीत असतं. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून ते पिढ्यान् पिढ्या गायलं गेलं. आणि आपट्यांनी त्यावर कादंबरी लिहिली तेव्हा नाव काय दिलं? ‘गड आला पण सिंह गेला’. सगळा शेवट मुखपृष्ठावर. ‘वज्राघात’ ही विजयनगरच्या पाडावाची कादंबरी, तिचंही तेच. तालिकोटेला काय झालं हे माहीत असलेला माणूसच ती उघडतो.

‘उषःकाल’ मात्र मला यात बसत नाही, आणि तिच्याबद्दल बोलायलाच हवं, कारण लोकांची ती फार लाडकी आहे. १८९५च्या सुमाराला ती येऊ लागली. शिवाजी महाराजांच्या उदयाचा काळ. भुयारं, वेषांतरं, गुप्त भेटी, कुणाची ओळख कुणापासून लपवलेली. इथे रेनॉल्ड्स आणि स्कॉट पुन्हा पूर्ण ताकदीने आले आहेत. शाळेत असताना मी ती चोरून, अभ्यासाच्या पुस्तकाआड ठेवून वाचली आणि पुढचं पान उलटायला बोटं शिवशिवली होती. वयाने मोठी झाल्यावर पुन्हा वाचली तेव्हा भुयारांमधली हवा गेली होती, कारण भुयारापलीकडे कोण उभं आहे ते आता माहीत होतं. माणसांची मनं, बापलेकांमधला निष्ठेचा झगडा, एवढाच भाग पहिल्याइतका ताजा राहिला. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मी किती वेळा वाचली असेन, शंकरमामंजी ओसरीवर आले की अजून पोटात गोळा येतो. एकाच लेखकाच्या दोन कादंबऱ्या, एकाच साप्ताहिकाच्या धबडग्यात लिहिलेल्या. नव्या लेखकांना मी या दोन्ही लागोपाठ वाचायला सांगते, आणि मग दोन वर्षांनी पुन्हा.

यमूची भाषा हा आणखी एक मोठा विषय आहे. एका पुरुषाने बाईच्या तोंडून शेकडो पानं बोलायची, आणि ती कुठे उसनी वाटू नयेत. आपट्यांची आई त्यांच्या लहानपणीच गेली. एकत्र कुटुंबातल्या बायांमध्ये ते वाढले. काशीबाई कानिटकरांशी त्यांचा वाङ्मयीन स्नेह होता. लग्नानंतर घरच्यांचा विरोध सोसून लिहा-वाचायला शिकलेली ही बाई पुढे ‘रंगराव’ कादंबरीची लेखिका झाली. यमूचं पुस्तक हातात धरणं, लपवणं, टोमणे खाणं हे सगळं अशा बायकांच्या आयुष्यात प्रत्यक्ष घडत होतं आणि ते सांगणारी माणसं आपट्यांच्या भोवती होती. पदमनजींनी विधवांच्या कहाण्या जमवल्या. आपट्यांनी बायकांचं बोलणं ऐकलं. घरातल्या बायका एकमेकींना सरळ काही न सांगता कसं सगळं सांगतात, भांडी आपटण्यातून, तिसरीला उद्देशून, देवाला हाक मारत, ते त्यांच्या सासरच्या प्रसंगांत इतकं अचूक आहे की मी संवाद लिहिताना अडले की त्यातलं कुठलंही प्रकरण उघडते.

साप्ताहिकाने त्यांच्याकडून किंमतही घेतली. पाल्हाळ भरपूर आहे. मागच्या आठवड्यातलं विसरलेल्याला आठवण करून द्यायची म्हणून एकच गोष्ट दोन पात्रांच्या तोंडून दोनदा येते. आणि काही कादंबऱ्या पुऱ्याच झाल्या नाहीत. ‘करमणूक’ सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं चाललं. त्याच काळात आनंदाश्रम, नगरपालिका, प्लेगमधली कामं, अकोल्याच्या १९१२च्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, मुंबई विद्यापीठातली व्याख्यानं, रवींद्रनाथांच्या ‘गीतांजली’चा अनुवाद. ३ मार्च १९१९ला ते गेले तेव्हा पंचावन्न पुरे व्हायला पाच दिवस कमी होते.

तोवर धंदा बदलायला लागला होता. काशिनाथ रघुनाथ मित्रांचं ‘मनोरंजन’ १८९५मध्ये निघालं आणि १९०९ साली त्यांनी मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. एका बैठकीत संपणारी गोष्ट लोकांना आवडू लागली. क्रमशः कादंबऱ्या पुढेही कितीतरी वर्षं आल्या, पण साप्ताहिकाचा मालक, संपादक आणि कादंबरीकार एकच माणूस, आणि त्याच्यामागे आठवडा लागलेला, ही व्यवस्था आपट्यांबरोबर जवळपास संपली.

मला स्वतःला यातून काय मिळालं ते सांगते. मागे एका मालिकेत आजोबांचं पात्र जाणार होतं. ठरलेलं होतं की अचानक हार्ट अटॅक, महाएपिसोड, प्रोमोत पांढरी चादर. मी सुचवलं की त्यांना बरं न होणारा आजार आहे हे पहिल्याच आठवड्यात प्रेक्षकांना आणि घरातल्या एकट्या नातीला सांगून टाकू या, आणि मग ते दोघं महिनाभर नेहमीसारखे राहू देत. भाजी निवडणं, पत्ते, तिच्या परीक्षा. मीटिंगमध्ये बराच वेळ वाद झाला. मी शंकरमामंजींचं नाव न घेता शंकरमामंजींचं सगळं सांगितलं. शेवटी मला दोन आठवडे मिळाले, महिना नाही. त्या दोन आठवड्यांत मी जे पत्त्यांचे डाव लिहिले ते माझ्या आजवरच्या लेखनात मला सर्वांत जवळचे आहेत. नातीला हुकूम ओळखता येत नाही आणि आजोबा तिला मुद्दाम जिंकू देतात, एवढाच एक सीन. सेटवर तो वाचून दाखवला तेव्हा आजोबांचं काम करणारे काका म्हणाले, “ताई, हा असाच ठेवा, कापू देऊ नका.”

एक काम अजून कुणी करायला हवं. माझ्याकडची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ची प्रत अखंड छापलेली आहे. आठवडा कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला ते तिच्यात कळत नाही. आपट्यांनी हप्ता नेमका कुठे तोडला, कुठल्या वाक्यावर वाचणाऱ्याला सात दिवस बसवून ठेवलं, मुंबईच्या सुखाला नक्की किती आठवडे दिले, त्या अंकात कादंबरीच्या शेजारी दुसरं काय छापलं होतं, हे जुन्या अंकांवरून पडताळून, समासात तारखा घालून एक आवृत्ती निघाली पाहिजे. मराठीत लिहू पाहणाऱ्याला आणि क्रमशः लिहिणाऱ्याला तिच्याइतकं उपयोगी पाठ्यपुस्तक दुसरं होणार नाही. जुने अंक ठिसूळ होत चालले आहेत, तेव्हा हे लवकर व्हायला हवं. कुणी प्रकाशक किंवा एखादं ग्रंथालय पुढे येणार असेल तर अंक लावून तारखा टिपून घ्यायला मी येईन. शूटिंगला सुट्टी असते त्या प्रत्येक रविवारी.